सातव्या पडद्यापुढे

गिर्त्सने ती आणली बटाट्याच्या पोत्यातून.
लिएपायाच्या मासळीबाजारामागचं गॅरेज,
टायरांची थप्पी, तिच्याखाली ही.
नाव नाही, क्रमांक नाही.
रंग जहाजाच्या तळाला फासतात तो, विटकरी,
आणि वजन झोपलेल्या पोरासारखं,
उचलल्यावर आणखी जड होणारं.

"कोणी केली ते शोध," तो म्हणाला, "मग किंमत बोलू."

मी स्क्रू काढले. आठांतले तीन खिळे निघाले.
मानेच्या लाकडाला अजून मेणाचा वास,
टोक किंचित वर वळलेलं.
ही कधीकाळी स्की होती.
कोणीतरी बर्फावरून एकदाच उतरलं
आणि पुन्हा चढलं नाही.

पत्र्याखालचे लोहचुंबक टेलिफोनचे.
ते घेऊन मी स्कायद्रितेबाईंकडे गेले,
रेडिओदुरुस्तीच्या सरकारी दुकानात
ज्यांची तीस वर्षं तारा गुंडाळण्यात गेली.
त्यांनी चष्मा शोधला नाही.
वेटोळ्यावर नुसता अंगठा फिरवला.
"शिवणयंत्रावर गुंडाळलंय. इथे बघ,
पाय थांबलाय. दार वाजलं असेल."

मग चहा ओतताना:
"अडुसष्टच्या हिवाळ्यात बंदरावरचे फोन
एकेक करून बहिरे झाले.
नाणं टाकलं की बोलता यायचं,
पलीकडचं ऐकू यायचं नाही.
आमची आई तिच्या बहिणीशी
अख्खी पाच मिनिटं बोलली त्यावरून.
पहिल्यांदाच भांडण झालं नाही."

कोणी केली?
"असेल कोणी पोरगं," त्या म्हणाल्या,
आणि साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

गिटार डावखुऱ्याची. म्हणून मी डावखुरे हुडकत फिरले.
एक बेकरीवाला, एक दाईबाई,
एक चर्चमधला ऑर्गनवादक, तोही वारलेला.
त्या काळी शाळेत डावा हात बाकाला बांधत,
म्हातारे हसून सांगत, आणि उजव्याने टोपी काढत.

त्यात पडद्यांचं गणित जुळेना.
सहापर्यंत ठीक. सातव्यापासून
अंतरं घाईने आखडत जातात,
घराकडे निघालेल्या माणसाच्या पावलांच्या उलट.
पट्टी, कागद, पुन्हा पट्टी.
दोन आठवडे मी झोपेत भागाकार केले.

आर्विड्स खलाशी होता. आता वृद्धाश्रमात,
खिडकी समुद्राकडे, खुर्ची भिंतीकडे.
हँबुर्गहून बुटात घालून तो मासिकं आणायचा
आणि पानं भाड्याने द्यायचा, एका रात्रीचा एक रुबल.
"हे पान भोकं पाडून परत आलं," तो कुरकुरला,
छपन्न वर्षांनंतरही भरपाईच्या आशेने.

मी पान काचेला धरलं.
गिटारवाला कोणी, पुढे झुकलेला,
गिटारची मान कॅमेऱ्यापासून लांब, अंधारात गेलेली.
छापणाऱ्याने काच उलटी लावलेली:
मागच्या पाटीवरची अक्षरं आरशातली.
आणि मानेवर, प्रत्येक पडद्याला,
टाचणीचं एक भोक. त्यातून बाल्टिकचा उजेड.

पट्टी काढायची गरज नव्हती, तरी काढली.
लांबचं लहान दिसतं, एवढंच ते होतं.
कोणीतरी ते दिसणं
जसंच्या तसं लाकडात उतरवलं होतं.

"कोण घेऊन गेलं होतं?"
"कानटोपी होती," आर्विड्स म्हणाला. "मुलगा. का मुलगी.
नाक गळत होतं. रुबल मात्र कोरा होता."

गिर्त्सचे चार फोन येऊन गेले.
मी तारा चढवल्या, उलट्या हाताने वाजवून पाहिलं.
खाली सगळं सुरात. वर गेलं की
सूर जरा पुढे निघून जातो
आणि कोपऱ्यावर आपली वाट बघत थांबतो.

स्कायद्रितेबाईंचे चुंबक परत नेऊन दाखवायचे होते,
नव्हते खरं तर. मी तशीच गेले.
कोपऱ्यात शिवणयंत्र, त्यावर विणलेला रुमाल,
रुमालावर कुंडी.
पडद्यांचं मी त्यांना काही बोलले नव्हते,
पानाचंही नाही. कोट काढत होते एवढंच.

"सातव्याच्या पुढे," त्यांनी विचारलं,
कुंडीतलं वाळलेलं पान खुडत,
"अजून तशीच वाजते का गं?"